मुलगी रोज शाळेच्या वेळेलाच पोट दुखतंय म्हणते, नाटक समजायचं का?

नाटक नका समजू. आमच्या धाकट्याचं दुसरीत सेम हेच होतं, रविवारी दिवसभर टुणटुणीत आणि रात्री दप्तर भरायला घेतलं की पोट धरून बसायचा. आधी डॉक्टरांना दाखवा, जंत, बद्धकोष्ठता, युरिन इन्फेक्शन नाही ना ते कळेल. सगळं नॉर्मल आलं तरी पोट खरंच दुखत असतं हां, आपल्याला नाही का परीक्षेआधी पोटात गोळा येतो, तसंच, फक्त एवढ्याशा पोरांना 'भीती वाटते' हे सांगता येत नाही.

समोर बसवून 'काय झालं सांग' विचारलं की उत्तर एकच, 'काही नाही'. आमचा बोलला ते मटार सोलताना, माझ्याकडे न बघता, की व्हॅनमधली मोठी मुलं त्याचा डबा उघडून वास घेतात आणि हसतात. मी 'त्यात काय एवढं' म्हणणारच होतो, बायकोने डोळे वटारले म्हणून वाचलो. व्हॅनवाल्या काकांशी बोललो, त्याला पुढच्या सीटवर बसवलं, पंधरा दिवसांत फरक पडला.

रोज घरी मात्र ठेवू नका, जितके दिवस बुडतील तितका धसका वाढतो. क्लासटीचरना विश्वासात घ्या. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला, झोप-जेवण बिघडलं तर चाइल्ड सायकॉलॉजिस्टकडे जा किंवा सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीतही बोलतात. आणि कुणी मारतंय, नको तिथे हात लावतंय असं काही निघालं तर थेट 1098, म्हणजे मुलांसाठीची चाइल्डलाइन, तिथे फोन करा.