हेडरमधला लोगो मार्जिनमध्ये बसेना!

प्रश्न: अक्कलकोट रोडला आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. एक्सेलच्या चलनावर मॅक्रोने (एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रॅमने) हेडरला, म्हणजे पानाच्या वरच्या भागात, लोगोची पट्टी टाकतो पण ती वरच्या दोन-तीन ओळींवर येते अन् उजवीकडून कापली जाते, काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: अहो, एक्सेल हेडरचं चित्र आपणहून लहान करत नाही आणि मार्जिनही वाढवत नाही, मूळ साइजमध्ये टाकून मोकळं होतं. हिशोब मॅक्रोतच करायचा, तोही पॉइंटमध्ये, 72 पॉइंट म्हणजे 1 इंच. ए-फोर उभा कागद 595 पॉइंट रुंद, त्यातून लेफ्ट-राइट मार्जिन वजा केलं की उरेल ती पट्टीची रुंदी. सेंटरहेडरपिक्चरला (हेडरच्या मधल्या चित्राला) लॉकअ‍ॅस्पेक्टरेशो ट्रू (उंची-रुंदीचं प्रमाण कायम) ठेवून फक्त विड्थ (रुंदी) द्या, उंची त्या प्रमाणात येते, मग टॉपमार्जिन म्हणजे हेडरमार्जिन (कागदाच्या वरच्या कडेपासून हेडरपर्यंतचं अंतर) अधिक ती उंची अधिक 6-7 पॉइंट मोकळे, हे नाही केलं तर लोगो आकड्यांमागे घुसणारच. शीट फिट-टू-पेजवर (पानात बसेल इतकी लहान करून छापायला) असेल तर स्केलविथडॉकहेडरफूटर फॉल्स करा, नाहीतर डेटाबरोबर लोगोपण आकसतो. आणि हो, सेंटरहेडरमध्ये अँपरसँड-जी (&G, चित्राचा कोड) लिहिलेलं हवं, त्याशिवाय काहीच छापत नाही. डाव्या हेडरच्या नादी लागू नका, लांब पट्टीला मधलाच बरा.