फ्रान्समधले लोक नाताळ कधी आणि कसा साजरा करतात?

तारीख २५ डिसेंबरच, सरकारी सुट्टीही त्याच दिवशी. पण खरा सण २४ च्या रात्री असतो. मी मार्सेयला शिकायला होतो तेव्हा पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं. २४ ला संध्याकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तर दुकानांची शटरं खाली आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला 'रेव्हेयों' म्हणतात. तीन-चार तास सहज जातात. लिंबू पिळून कच्चे ऑयस्टर, फ्वा ग्रा म्हणजे बदकाचं किंवा हंसाचं यकृत, चेस्टनट घालून भाजलेली टर्की आणि शेवटी ओंडक्याच्या आकाराचा 'ब्यूश' केक. पूर्वी मध्यरात्रीची प्रार्थना आटोपून मग जेवायला बसत. आता चर्चला न जाणारेही पुष्कळ, पण जेवण कोणी चुकवत नाही. २५ ला दुपारी बहुतेक दुसऱ्या आजी-आजोबांकडे परत पंगत.

मला मात्र दक्षिणेतला, मार्सेय ज्या भागात येतं त्या प्रोव्हान्समधला नाताळ जास्त आवडला. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या आजींनी ४ डिसेंबरला, सेंट बार्बच्या दिवशी, तीन बश्यांत ओल्या कापसावर गहू पेरला. मला थेट नवरात्रातला घट आठवला! गहू दाट, हिरवागार आला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं आणि मी दोन दिवस विसरलो. एक बशी पिवळी पडली. आजी काही बोलल्या नाहीत. तिलाही लाल रिबीन बांधली आणि पिवळी बाजू भिंतीकडे करून ठेवली.

२४ च्या रात्री तिथे तेरा गोड पदार्थ मांडतात, येशू आणि त्याचे १२ शिष्य म्हणून. पदार्थ म्हणजे बराचसा सुका मेवाच: बदाम, अक्रोड, अंजीर, मनुका, खजूर. शिवाय पांढरा आणि काळा नुगा (मध आणि बदामाची वडी), संत्री, आणि ऑलिव्ह तेलातला गोडसर पाव. हा पाव हातानेच तोडायचा. सुरी लावली तर वर्षभर पैशांची चणचण. सगळं २७ पर्यंत टेबलावर तसंच राहतं, येता-जाता तोंडात टाकायला.

जर्मन सीमेजवळच्या अल्सासमध्ये २६ लाही सुट्टी असते, आणि स्ट्रासबुर्गचा नाताळ बाजार १५७० पासूनचा आहे. तिथली मुलं तर ६ डिसेंबरलाच खाऊ घेऊन येणाऱ्या संत निकोलाची वाट बघतात.

आणि २५ ला सण संपत नाही. ६ जानेवारीच्या आसपास राजांचा केक कापतात, राजे म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तिघे. आत चिनी मातीची इवलीशी बाहुली लपवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याला कागदी मुकुट. वशिलेबाजी नको म्हणून घरातलं सर्वांत लहान पोर टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाला ते सांगतं. आजींच्या घरी सर्वांत लहान मीच निघालो. तेविसाव्या वर्षी, सहा फुटांचा मी, टेबलाखाली.