झेंडावंदनाला नदीचं गाऱ्हाणं

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं महाद्वार रोडला कापडाचं दुकान आहे. मुलगी बारावीला आहे. यंदा २६ जानेवारीला तालमीसमोर झेंडावंदन झालं आणि तिला भाषण करायला सांगितलं. मला वाटलं, क्रांतिकारकांवर बोलेल. ती बोलली पंचगंगेच्या घाणीवर आणि ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या शाळेवर. टाळ्या पडल्याच नाहीत. एक बुजुर्ग म्हणाले, "आजच्या दिवशी तरी देशाची उणीदुणी काढू नयेत. हा देशद्रोहच की!" घरी येऊन मीही तिला झापलं. तेव्हापासून पोरगी माझ्याशी धड बोलत नाही. चुकलं कुणाचं?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : दादा, तुमचं चुकलं. त्या बुजुर्गांचं जास्त चुकलं, पण पत्र तुम्ही पाठवलंय, म्हणून आधी तुमच्याशी बोलते.

मी नागरिकशास्त्र शिकवायचे. वीस मार्कांचा विषय, पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची, आणि मोठी झाली की एवढंच आठवायचं की राष्ट्रगीताला उभं राहायचं असतं. राष्ट्रगीताचा मान राखणं मूलभूत कर्तव्यांत आहेच. पण त्याच यादीत, कलम ५१ क मध्ये, नद्या आणि तलावांचं रक्षण करणं हेही कर्तव्य सांगितलंय. चौकस बुद्धी आणि सुधारणेची वृत्ती जोपासणं हेही. १९७६ साली ही यादी घटनेत आली तेव्हा दहा कर्तव्यं होती. २००२ मध्ये अकरावं आलं : सहा ते चौदा वयाच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देणं, आईबापानं. तुमची लेक नदीवर बोलली आणि शाळाबाह्य पोरांवर बोलली. प्रजासत्ताक दिनाला याहून विषयाला धरून भाषण कोणतं असतं, मला तरी सुचत नाही.

आता देशद्रोहाचं. सुप्रीम कोर्टानं १९६२ सालीच केदारनाथ सिंह खटल्यात सांगून ठेवलंय की सरकारवर कितीही कडक टीका केली, तरी हिंसेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह होत नाही. इथं तर सरकारचं नावसुद्धा निघालं नव्हतं. नदीचं निघालं होतं. त्या बुजुर्गांना हे सांगाच, पण चहा पाजून सांगा.

खरं तर कोल्हापूरकराला हे सांगावं लागतं याचंच मला नवल वाटतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला आपल्या तालमीचा फॉरवर्ड मोकळा गोल चुकला की त्याला सगळ्यात मोठ्यानं शिव्या कोण घालतं? समोरच्या पेठेचे नाही, ते तर खूश असतात. आपलेच घालतात. आणि पुढच्या मॅचला तेच ढोल घेऊन आधी हजर.

आणि आपल्या राजाचं काय? शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. त्या काळचा रुपया! म्हणजे राजानं आपल्याच रयतेला तोंडावर सांगितलं की तुमचं वागणं बरोबर नाही. कोल्हापूरचा याहून मोठा अभिमानी दाखवा मला. तुमच्या लेकीनं शंभर वर्षांनी तोच विषय काढला, तर टाळ्या पडल्या नाहीत.

आता तिच्यासाठी एक गोष्ट. तिला रागवायचंच असेल, तर यावरून रागवा. १८८१-८२ मध्ये टिळक-आगरकरांच्या केसरी आणि मराठा या वृत्तपत्रांनी आपल्याच संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर झोड उठवली होती. तरुण छत्रपतींचा, चौथ्या शिवाजी महाराजांचा, छळ चाललाय असा आरोप होता. कळकळ अस्सल होती, पण ज्या पत्रांच्या जोरावर लिहिलं ती बनावट निघाली. बदनामीचा खटला झाला. टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहून आले. सुटल्यावर दोघंही गप्प बसले नाहीत हे खरं. आगरकरांनी तर पुढं १८८८ मध्ये 'सुधारक' काढून आपल्याच समाजाला असं काही सुनावलं की लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण डोंगरीचा धडा राहतोच : टीका करणाऱ्याचा कागद पक्का पाहिजे.

म्हणून तिला विचारा, नदीचं तू काय पाहिलंस? "देशाचं काही खरं नाही" असं कट्ट्यावर बसून म्हणणारे आपल्याकडं पैशाला पासरी. त्यांना मी देशभक्त म्हणणार नाही, देशद्रोहीही नाही. ते नुसतेच बसलेले असतात. तुमची लेक तसली वाटत नाही. प्रयाग चिखलीला संगमावर चांगली दिसणारी पंचगंगा जयंती नाल्यानंतर कशी होते, इचलकरंजीच्या पुढं कशी होते, तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच का पडतो, हे दुकान एक दिवस बंद ठेवून तिच्याबरोबर जाऊन बघा. इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या साथीत माणसं गेली, तेही तिला सांगा. तिच्या वयाच्या पोरांना ते ठाऊक नसतं.

मग तिच्याकडून माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्या. नाल्यांचं किती सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत जातं आणि गेल्या वर्षभरात कुणाकुणाला नोटिसा गेल्या, एवढंच विचारा, फापटपसारा नको. सही तुमची करा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर अपील असतं, तेही कराच. आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका, नाहीतर अर्ज तेवढ्यावरच परत येतो.