चेक बाउन्सच्या केसमध्ये वडिलांची शिक्षा अपिलातही कायम झाली. कोर्टात हजर झाल्यावर पुढे तुरुंगात काय होतं?

तुमच्या वडिलांना कुणीतरी 'थोडे दिवस गावाकडे जाऊन राहा' असं सांगणारच. ऐकू नका.

माझ्या थोरल्या भावाचीही हीच केस. चेक बाउन्सचं कलम 138, सहा महिने साधी कैद, सेशन्स कोर्टाने अपील फेटाळलं. त्या रात्री घरात सगळे जमले. मामा म्हणाले, "याला कोकणात माझ्या मेहुण्याकडे ठेवू, प्रकरण थंड होईल." असली प्रकरणं थंड होत नसतात. आधी अजामीनपात्र वॉरंट, मग फरारी म्हणून जाहीरनामा, मग मालमत्तेची जप्ती. पोलीस पहाटे येऊन सगळ्या आळीसमोर उचलून नेतात ते वेगळंच. मी हटलो नाही. दुसऱ्या दिवशी दादाला मीच कोर्टात घेऊन गेलो. "सख्ख्या भावाला हाताने तुरुंगात घातलं" म्हणून मामांनी आमच्या घरी येणं बंद केलं.

हजर कोर्टात व्हायचं, तुरुंगाच्या दारात नाही. जेल वॉरंट, म्हणजे तुरुंगात पाठवण्याचा हुकूम, कोर्टातूनच निघतं आणि पोलीस घेऊन जातात. सकाळी कोर्ट उघडतानाच जा. तुरुंगात संध्याकाळी कैद्यांना कुलूपबंद केलं की नवा माणूस सहसा घेत नाहीत, मग रात्र पोलीस लॉकअपमध्ये काढावी लागते. आम्ही वेळेवर जाऊनही वॉरंटवर सही व्हायला दुपार झाली. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. "हे आत जायचं नाही, इथंच खाऊन घ्या," असं म्हणून हवालदाराने दादाला व्हरांड्यात बसवलं आणि त्याचं खाऊन होईपर्यंत थांबला. दादाने घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, तेव्हा मनगटावर पट्ट्याची पांढरी खूण होती.

आत गेल्यावर अंगझडती, डॉक्टरची तपासणी, ओळखीच्या खुणांची नोंद, आणि मग बराक. दिवस पहाटे गिनतीने, म्हणजे कैद्यांच्या मोजणीने सुरू होतो, संध्याकाळचं जेवण उजेडातच मिळतं, मग कुलूप. रात्रभर दिवा चालू, अंथरुणाला अंथरूण लागलेलं. दादाला भीती मारामारीची होती, पण त्याला खाल्लं ते रिकाम्या वेळेने. साध्या कैदेत काम सक्तीचं नसतं, पण मागता येतं. वडिलांना पहिल्या आठवड्यातच मागायला सांगा. दादा आधी मागायला लाजला, आणि तेच दिवस त्याला सगळ्यात जड गेले. पुढे काम मिळालं, शिवाय बराकीतल्या लिहिता न येणाऱ्यांचे अर्ज तो लिहून द्यायला लागला, तेव्हा कुठे त्याला झोप यायला लागली.

खर्चाचे पैसे त्यांच्या तुरुंगातल्या खात्यावर पाठवायचे, त्यातून कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं घेता येतात. मुलाखत, म्हणजे तुरुंगातली भेट, चुकवू नका, जाताना तुमचं ओळखपत्र न्या. आधी याच केसमध्ये ते कोठडीत राहिले असतील तर ते दिवस शिक्षेतून वजा होतात, ते वॉरंटवर लिहून आलेत का हे वकिलाकडून बघून घ्या.

नातेवाइकांना काय सांगायचं? खरं. मामांनी परस्पर 'दुबईला कामाला गेलाय' असं पसरवलं होतं. त्यामुळे दादा सुटून आल्यावर त्याला दोन महिने घराबाहेर पडता येईना, लोक दुबईचं विचारायचे. तुरुंगाने त्याची मान खाली गेली नव्हती, ती या खोट्याने गेली. मामा अजूनही म्हणतात की त्यांनी घराची अब्रू राखली. माझ्या मते अब्रू दादाने राखली, स्वतःच्या पायांनी कोर्टाची पायरी चढून.

आणि हो, मी वकील नाही. हायकोर्टात जाऊन शिक्षेला स्थगिती मिळते का, हे हजर होण्याआधी वकिलाला विचारा. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. वडिलांना बीपी-शुगर असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट त्यांच्या खिशात हवेतच. नुसत्या गोळ्या दिल्या तर गेटवर काढून घेतील.