मुदतीआधी ऑफिस सोडताय? आधी लॉक-इनचं वाक्य नीट वाचा

प्रश्न : रत्नागिरीत राम आळीत आमचं अकाउंटिंगचं ऑफिस आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून साठ महिन्यांचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार, भाडं १८,०००, डिपॉझिट १,०८,००० रुपये. पहिले ३६ महिने लॉक-इन (म्हणजे या काळात जागा सोडता येत नाही) आणि ‘त्यानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीने’ सोडता येईल, असं कलम आहे. मारुती मंदिरजवळ मोठी जागा मिळाल्याने ३१ मे २०२६ ला निघायचंय. मालक म्हणतात, लवकर जाताय, भिंतींना ओल आणलीत, एसीसाठी भोकं पाडलीत, डिपॉझिट विसरा. काय करावं?

उत्तर : मालकांची मागणी हवेतली नाही, हे आधी लक्षात घ्या. लॉक-इन ३० सप्टेंबर २०२६ ला संपतं. ‘त्यानंतर’ याचा अर्थ नोटीससुद्धा १ ऑक्टोबरलाच द्यायची असा लावला, तर भाडं ३० नोव्हेंबरपर्यंत जातं. जून ते नोव्हेंबर सहा महिने, म्हणजे बरोबर १,०८,०००, तुमच्या डिपॉझिटएवढेच. तुम्ही म्हणायचं की नोटीस लॉक-इनमध्येही देता येते, फक्त तिची मुदत नंतर संपायला हवी. हा अर्थ धरला तर वाद चार महिन्यांचा, ७२,००० चा उरतो.

तेवढेही आपोआप द्यावे लागत नाहीत. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात आकडा लिहिला असला तरी वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. १ जुलैपासून त्याच भाड्यात दुसरा भाडेकरू आला, तर रिकामा गेला एक महिना. म्हणून गिऱ्हाईक तुम्हीच शोधा आणि त्याचं नाव, देऊ केलेलं भाडं मालकांना लेखी कळवा. मात्र त्याला परस्पर चावी देऊ नका. करार मालकांनीच करायचा. आणि तुमची नोटीस मार्चअखेरच्या आत त्यांच्या हातात पडू द्या : करारातल्या पत्त्यावर, पोचपावतीसह, शिवाय व्हॉट्सअॅपवर.

ओलीचं काय? जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पितेच. बाहेरची पन्हळ फुटली असेल आणि ओल तिच्याखालीच उतरलेली असेल, तर तो डाग तुमच्या माथी मारता येणार नाही. पन्हळ आणि डाग एकाच चौकटीत येतील असा फोटो काढा. वापराने उडालेला रंगही नैसर्गिक झीजच. एसीच्या बाहेरच्या युनिटची भोकं मात्र तुमचीच. खाऱ्या हवेत ब्रॅकेटचे बोल्ट गंजून भिंतीत अडकतात. घाईत ते कापून टाकले की राहिलेल्या भोकातून पुढच्या पावसात पाणी आत येतं आणि खर्च तुमच्या नावावर पडतो. बोल्ट उपटून वॉटरप्रूफिंग घातलेल्या सिमेंटने भोकं बुजवा, तांब्याच्या पाइपचंही विसरू नका. पार्टिशन, सीलिंग, दिवे न्यायचे तर ताबा देण्याआधी न्या. नंतर ‘ते आमचं होतं’ म्हणत परतणं अवघड.

भाडेकरू हमखास फसतात ते चावीत. सामान हलवलं म्हणजे ताबा दिला असं होत नाही. चावी तुमच्या खिशात असेपर्यंत मालक भाडं मागणार. शेवटच्या दिवशी दोन साक्षीदार, खोल्यांचं व्हिडिओ चित्रण आणि महावितरणच्या मीटरच्या आकड्याचा फोटो. ताबा पावतीत तारीख, चाव्यांची संख्या, मीटरचा आकडा, डिपॉझिटमधून काय कापलं आणि बाकी कधी मिळणार, हे सगळं यावं. शेवटचं बिल यायचं असेल तर अंदाजे रक्कम राखून ठेवू द्या, पूर्ण डिपॉझिट नाही. चावी घ्यायलाच नकार दिला, तर त्याच दिवशी ‘ताबा द्यायला हजर होतो, आपण घेतला नाही’ अशी लेखी नोटीस पाठवा. चावी कुणा शेजाऱ्याकडे ठेवून येऊ नका.

नव्या जागेच्या करारात लॉक-इनचं हेच वाक्य स्पष्ट लिहून घ्या आणि करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची असते. जीएसटी नोंदणीत नवा पत्ता बदल झाल्यापासून १५ दिवसांत टाकायचा, त्यासाठी हाच करार जोडावा लागेल.