आकाश बघून मन शांत होतं म्हणतात, मग मला आणखी अधांतरी का वाटतं?

तुम्ही लिहिलंय की तिशी आली, पुण्यातली नोकरी सुटून इकडं बेळगावकडच्या चिकोडीला परत आलात, ना इकडचे ना तिकडचे. रात्री स्लॅबवर पडून आकाश बघता, पण लोक म्हणतात ती शांती काही मिळत नाही, उलट आपण कुणीच नाही असं वाटतं.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. शांतीचं मला फारसं कळत नाही, पण 'ना इकडचे ना तिकडचे' यावर बोलायचा थोडा हक्क आहे. आजोबांचं घर मुंबई राज्यात होतं. 1956 ला तेच घर म्हैसूर राज्यात गेलं, 1973 ला त्या राज्याचं कर्नाटक झालं. घर जागचं हललं नाही. पुण्यात पाहुण्यांकडे गेलं की 'तुमचं बोलणं कानडी वळणाचं हो', आणि इथं अर्ज लिहायची वेळ आली की कन्नड लिहून देणारा शोधायचा.

आकाशाकडे नुसतं 'केवढं अथांग' म्हणून बघत बसलं तर कुणालाही क्षुद्रच वाटणार. मला तरी तसंच वाटतं. त्यापेक्षा एखादं ओळखीचं कुणी शोधून काढा. माझ्यापुरता तो त्रिशंकू, दक्षिणेकडचा चार ताऱ्यांचा समूह.

मे महिन्यात, वळीव पडून धूळ बसली की रात्री साडेनवाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा. हात लांब करून मूठ धरा. क्षितिजापासून साधारण दीड मूठ वर चार तारे दिसतील, पतंगासारखे मांडलेले. डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे असले की समजायचं, हाच तो. आता पाठ फिरवून उत्तरेला बघा. ध्रुवही दीड मूठच वर! बेळगावचा अक्षांश जवळजवळ 16, म्हणून ध्रुव इथं 16 अंशांवर असतो आणि त्रिशंकू चढून चढून 14 पर्यंत येतो. दिल्लीत तो जेमतेम क्षितिजाला टेकतो. आपल्याकडे मात्र दोघं समोरासमोर, जवळपास एकाच उंचीवर.

गोष्टी दोघांच्याही आपल्याला पाठ आहेत. एकाला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही, दुसऱ्याला स्वर्गातून खाली ढकललं. एकाला अढळपद मिळालं, दुसरा लटकला. पण गोष्ट बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघा: ध्रुव बेताचाच आहे, त्रिशंकूतले तीन तारे त्याच्यापेक्षा ठळक आहेत. आणि अढळ म्हणावं तर तेही कायमचं नाही. पृथ्वीचा आस सुमारे 26 हजार वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळं आणखी 12 हजार वर्षांनी ध्रुवाच्या जागेजवळ अभिजित हा तारा असेल. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं. आपण कुणाकडे बघून जीव जाळत होतो!

याने नोकरी लागत नाही, हे सांगायला नकोच. मला एवढंच झालं की लटकलेलं असणं हा काही आपला गुन्हा नाही, हे एकदाचं पटलं. आता कुणी विचारलं की मराठी, कर्नाटकातला, एवढंच सांगतो; पुढं खुलासा देत बसत नाही. आणि जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवाल्याकडून कन्नड अक्षरं गिरवतो, ती चिडून नव्हे. तुमचं वेगळं असेल, पुण्याची सल लगेच जाईल असं मी म्हणणार नाही.

बघायचं तर गावाचे दिवे पाठीशी पडतील अशा दक्षिणेकडच्या माळावर जा, स्लॅबवरून खालचा थर झाडाघरांत जातो. मोबाईल खिशातच ठेवा, अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. आणि मृग निघायच्या आत उरकून घ्या की. एकदा ढग धरले की दसऱ्यापर्यंत काही खरं नाही, आणि तोवर त्रिशंकू सूर्याच्या मागेपुढे मावळतो. मग थेट जानेवारी-फेब्रुवारीत, तेही पहाटे उठायची तयारी असेल तर.