पाण्याखालच्या गुहेत फिन लागून लवणस्तंभ तुटला, तर तो चिकटवता येतो का?

तुमचा प्रश्न असा: मेक्सिकोतल्या तुळुमजवळच्या सेनोटेत (चुनखडकातली पाण्याने भरलेली विहीर-गुहा) फिनचा, म्हणजे पायात घालायच्या पोहण्याच्या पंख्याचा, धक्का लागून बोटाएवढा लवणस्तंभ (स्टॅलॅक्टाइट) तुटला, तुकडा खाली गाळात पडलाय. तो इपॉक्सीने चिकटवावा का, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं?

बोटाएवढाच असेल तर चिकटवू नका. तुकडा आहे तिथेच राहू द्या, आठवण म्हणून वर तर मुळीच आणू नका. तो परत वाढणार नाही, हे मात्र खरं. लवणस्तंभ वाढायला हवा लागते. छतातून झिरपलेला थेंब हवेत लोंबकळतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्साइटचा पापुद्रा मागे राहतो. युकातान द्वीपकल्पातल्या (तुळुम यातच येतं) या गुहांमध्ये हे झालं ते हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरपर्यंत खाली होती तेव्हा. आता तिथे पाणी आहे, म्हणजे कारखाना कायमचा बंद.

मोठा तुकडा असेल तर आधी तो कधी तुटलाय ते बघा. ताजी मोड पांढरीशुभ्र असते आणि टॉर्च मारला की खडीसाखरेसारखी चमकते. जुनी मोड तपकिरी किंवा काळपट दिसते, तिच्यावर लोह-मँगनीजचा थर चढलेला असतो. जुन्या मोडी पुष्कळदा निसर्गाच्याच असतात, छत कोसळून किंवा स्वतःच्या वजनाने झालेल्या. त्या ‘दुरुस्त’ करणं म्हणजे गुहेच्या इतिहासात खाडाखोड करणं. तुमची मोड पांढरी असली तरच पुढचं वाचा. तेही माहिती म्हणून, कारण जागेच्या मालकाची परवानगी आणि अनुभवी टीम नसेल तर हे काम करायचं नसतं. जवळपास हाडं, कोळसा किंवा भांड्यांचे तुकडे असतील तर विषयच संपला: तिथे मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्थेला कळवायचं आणि हात मागे घ्यायचा. फोटोही जागेच्या नावासकट टाकू नका. तुळुमजवळच्या चान होल गुहेतला प्राचीन माणसाचा सांगाडा २०१२ मध्ये चोरीला गेला, त्याआधी त्याचे फोटो इंटरनेटवर फिरले होते.

आता जोडकाम. ५ सेंटिमीटर जाड आणि ४० सेंटिमीटर लांब भरीव तुकडा जमिनीवर साधारण २.१ किलो भरतो, पाण्यात १.३. वजन फार नाही, पण सगळा ताण एका चकतीएवढ्या जागेवर येतो. नुसत्या गोंदाने धरलेला सांधा पुढच्या धक्क्याला पुन्हा सुटतो, आणि सुटताना मूळ दगडाचा एक थर घेऊन जातो. म्हणून आत खिळी घालतात. कोरड्या गुहांमध्ये स्टेनलेस स्टीलचा आटेवाला रॉड चालतो. या गुहांमध्ये वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं, त्या खाऱ्या थरात तो वापरू नका. बंद भोकात ऑक्सिजन पोचत नाही, क्लोराइड असतं, तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलही आतून खायला लागतं आणि पांढऱ्या दगडावर गंजाचा ओघळ उतरतो. फायबरग्लासची काडी बरी. ६ मिलिमीटर जाड काडी, दोन्ही बाजूंना ५-५ सेंटिमीटर आत. तुकडा ४ सेंटिमीटरपेक्षा बारीक असेल तर भोक पाडतानाच तो फुटतो, आणि पोकळ नळीसारख्या ‘स्ट्रॉ’ला तर ड्रिल दाखवूही नका.

गोंद म्हणजे पाण्यात घट्ट होणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायची. पांढऱ्या-काळ्या रेघा राहिल्या तर तेवढा भाग कधीच पक्का होत नाही. लावण्याआधी तुकडा कोरडाच बसवून बघा, कडा कुठे जुळते ते पेन्सिलीने खुणावून ठेवा. भोकातली पूड मोठ्या सिरिंजने ओढून घ्या, फुंकून उडवली तर पुढची पंधरा मिनिटं काही दिसणार नाही. पुटी कडेपासून ५ मिलिमीटर आतच ठेवायची, बाहेर आलीच तर लगेच पुसायची आणि त्याच तुकड्याची कॅल्साइटची पूड सांध्यावर दाबायची. लटकणारा तुकडा खालून पीव्हीसी पाइपच्या टेकूवर ठेवून २४ तास सोडा. तिथलं पाणी २४-२५ अंशांचं असतं. फ्लोरिडाच्या झऱ्यांत ते २०-२२ अंशांवर असतं, तिथे दुप्पट वेळ धरा. पुटी जितकी कमी तितकं चांगलं, कारण या अंधारात आंधळे मासे आणि रेमिपीड (गोमेसारखे दिसणारे कवचधारी जीव) राहतात, आणि न मुरलेलं रसायन त्यांच्याच पाण्यात उतरतं.

फ्लोरिडात दुखणं वेगळं आहे. तिथे काळ्या गोथाइटच्या (लोहाच्या खनिजाच्या) थरावर टाकीचा ओरखडा उठला की खालचा पांढरा चुनखडक उघडा पडतो. त्याला इलाज नाही. कृपा करून रंग वगैरे लावू नका. चिकणमातीत उमटलेले पंजे आणि कोरलेली नावं हाताच्या सपाट बोटांनी हलके दाबून बुजवता येतात, तेही प्रवाह घाण बाहेर नेत असेल तर आणि बाहेर पडायच्या दिशेने सरकत. सुट्या गाळावरची फिनची खूण तशीच सोडा, ती भरायला गेलात तर दहा नव्या कराल.

मुळात धक्का का लागतो? सगळ्यात जास्त तुटफूट हॅलोक्लाइनला होते असं माझं मत आहे. वर गोडं पाणी, खाली खारं, आणि घनतेत अडीच टक्क्यांच्या आसपास फरक. सामानासकट तुमचं आकारमान १०० लिटर धरा: खाऱ्या थरात शिरताक्षणी तुम्ही दोन-अडीच किलो हलके होता आणि छताकडे जाता. परत वर येताना तेवढेच जड होऊन तळाला बसता. शिवाय थर ढवळला की सगळं तेल सांडल्यासारखं धूसर दिसतं. उपाय सोपा आहे: थर येण्याच्या एक मीटर आधी थांबा, फिन बंद ठेवा, विंगमधली (तरंगणं सांभाळणाऱ्या पाठीवरच्या पिशवीतली) हवा आधी बदला आणि मग पुढे सरका.

दुसरं, वजन. ११ लिटरची ॲल्युमिनियम टाकी २०० बारला भरली की आत साधारण २.७ किलो हवा असते. दोन टाक्यांतली दोन तृतीयांश वापरलीत तर परतताना तुम्ही साडेतीन किलो हलके असता. म्हणून वजनाची चाचणी भरलेल्या टाक्यांनी करू नका. ३ मीटरवर, टाक्यांत ३५-४० बार, विंग रिकामी, आणि फिन न हलवता स्थिर राहता आलं पाहिजे. साइडमाउंट (टाक्या पाठीऐवजी अंगाच्या दोन्ही बाजूंना) असेल तर रिकामी होणारी टाकी मागून वर उचलली जाते आणि तिचा बुडखा छताला घासतो. खालचा बोल्ट स्नॅप (टाकी अडकवायचा हूक) मागच्या रिंगवरून कमरेच्या पुढच्या रिंगवर घेतला की ती परत अंगाला लागते. बरेच जण हे डाइव्हच्या मध्यात करायचं विसरतात.

फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारायची पद्धत) शिकली की काम झालं असं समजू नका. ती बाजूला पसरते, आणि खांबांच्या दाटीत नेमकी बाजूलाच जागा नसते. तिथे गुडघे काटकोनात आणि हालचाल फक्त घोट्यातून. मागे जायची किक पक्की बसवा, कारण अरुंद जागेत वळायला गेलेल्या माणसाचे फिन अर्धवर्तुळ झाडतात. मालवण-तारकर्लीला ओपन वॉटर शिकलेल्यांची पाय सरळ मारायची सवय समुद्रात खपून जाते, इथे ती गाळाचा ढग उठवते. (गुहेचं वेगळं प्रशिक्षण नसेल तर या भागात जायचंच नाही.) मागून कोणालातरी दहा मिनिटं चित्रण करायला सांगा आणि गेज बघताना, लाइन (बाहेरची वाट दाखवणारी दोरी) बांधताना, कॅमेरा धरताना तुमचे पाय काय करतात तेवढंच बघा. तुटतं ते अशाच क्षणी.

शेवटी लाइन. माझ्या मते इपॉक्सीच्या दहा डब्यांपेक्षा एक गाठ हलवणं जास्त वाचवतं, कारण लाइन जिथून जाते तिथूनच सगळे जातात. बारीक खांबाला गाठ मारली की ताणाने खांब जातो. गाठ जाड, निर्जीव खडकाला हवी आणि लाइन मोकळ्या बाजूने. पण दुसऱ्याची लाइन स्वतः हलवू नका, तिच्यावर आत गेलेल्यांचा जीव असतो. जवळच्या ॲरोपासूनचं (लाइनवरच्या बाणाच्या खुणेपासूनचं) अंतर, खोली, आणि आकार कळावा म्हणून शेजारी स्लेट (पाण्यात लिहायची पाटी) धरून काढलेला फोटो, एवढं त्या गुहेच्या लाइन सांभाळणाऱ्यांना द्या. तुमच्या हातून तुटलं हेही सांगा. एकाच जागेवरून तीन-चार जणांनी असं कळवलं की लाइन तिथून हलते.